ग्लाफिराचा उशिरा पडणारा ठोका

नदीपलीकडच्या आमच्या व्यापारी आळीत ग्लाफिरा सावेलिएव्नाला न बोलावता लग्न करणं म्हणजे पाद्र्याशिवाय लग्न लावण्यासारखंच होतं. पियानोवर बसली की पोल्का, वॉल्ट्झ, माझुर्का, असे जोडीच्या नाचांचे ताल एकामागून एक वाजवत राही बाई. जोड्या फरशीवर आहेत तोवर हात उचलायचा नाही, मग घराला आग का लागेना, हा त्या धंद्याचा धर्म. आणि एवढं करून जेवायला कुठे, तर स्वयंपाकघरात, पाहुण्यांचं उरकल्यावर. पण कधी तोंड वाकडं केलं नाही हो तिनं.

तिच्या माझुर्केला एक खोड होती. दुसरा ठोका ती जरासा उशिरा टाकायची. आमचे व्यापारी म्हणजे माशाचे पिरोग हादडून, वर व्होदका ढोसून नाचायला उतरणारे. त्यांचे पाय कसले तालात पडतात? ग्लाफिरा मान वळवून सगळ्यात जड गडी हेरायची, आणि त्याचा बूट जमिनीला लागला की मगच ठोका द्यायची. गडी खूश, की आपण काय झकास नाचतो. यातलं तिनं कधी कुणाला काही सांगितलं नाही.

बहीण वारल्यावर बहिणीचा मुलगा केशा तिनंच वाढवला. स्वतःच्या बुटांना ठिगळं लावली, पण पोराला संगीतशाळेत घातलं. त्यानं आता स्वतःच्या सहा माझुर्का लिहिल्या होत्या, आणि चहाचे व्यापारी सिसोय तेरेंतिच यांच्या नामदिनाला, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताच्या सणाला, दुपारी तो त्या वाजवणार होता. तिथं लेओपोल्ड आदामोविच येणार होते, संगीताची पुस्तकं छापणारे. त्यांना आवडलं तर छापतील, आणि ते पहिलं पुस्तक निघालं की केशाचं नशीब उघडलं. नाचासाठी ग्लाफिरालाही त्याच घरचं बोलावणं होतं.

"तिथं तू मला ओळखायचं नाही," तिनं केशाला बजावलं.

"मावशी, काहीतरीच काय."

"काहीतरीच नाही. हा माणूस बड्या घरांच्या बैठकींसाठी छापतो. भाड्याच्या वाजंत्रिणीचा भाचा म्हटलं की कागदाला बोटसुद्धा लावणार नाही. माझी शपथ आहे तुला."

"आणि विचारलं, हे कुणाचं वळण, तर?"

"शोपाँचं नाव सांग. तो मेलेला, काही उठून नाही म्हणायला येत नाही."

केशानं सुरेख वाजवलं. ग्लाफिरा भांड्यांच्या खोलीत दाराआड उभी राहून ऐकत होती. लेओपोल्ड आदामोविच मान डोलावत म्हणाले, "सुरावटीत शोपाँ आहे, डाव्या हातात शूमन आहे, ते मला कळतं. पण हा दुसरा ठोका अडखळतो ना, तो कुणाचा? फार मोहक आहे."

केशा घुटमळला. "तोही शोपाँचाच म्हणा."

"छान. सहाही छापू."

दाराआड ग्लाफिरानं छातीवर क्रुसाची खूण केली आणि खांद्यावरच्या शालीनं डोळे पुसले. तिच्या जन्माचं सार्थक झालं होतं.

मग पाहुण्यांना नाचायची हुक्की आली. ग्लाफिराला बाहेर बोलावलं, ती बसली आणि माझुर्का सुरू केली. सिसोय तेरेंतिच स्वतः फरशीवर उतरले होते, अडीच माणसांचं वजन. हातांना जन्माची सवय. ठोका थांबला, बूट पडला, ठोका पडला.

लेओपोल्ड आदामोविच खो खो हसले. "अरे वा. म्हातारीनं तासाभरात पोराची चीज उचलली की. सिसोय तेरेंतिच, असली चोरटी माणसं घरात कशाला घेता? चार घरी सांगून ठेवा, हिला बोलवू नका म्हणून."

ग्लाफिरानं केशाकडे पाहिलं. डोळ्यांनीच दटावलं त्याला, गप्प बैस. पण केशा पियानोपाशी येऊन उभा राहिलाच.

"चोर मी आहे," तो म्हणाला. "ही माझी मावशी. तो ठोका हिचा. मी पाळण्यात होतो तेव्हापासून ही असाच वाजवतेय."

फरशीवर जोड्या होत्या. तिला हात उचलता येईना, उठून त्याचं तोंड दाबता येईना. वाजवत राहिली आणि आसवं हनुवटीवरून ओघळत राहिली. "गाढवा," ती पुटपुटली, "केलंस वाटोळं."

आणि झालंच. लेओपोल्ड आदामोविचनी हातमोजे चढवले. "लग्नातलं वाजप छापायला माझा छापखाना नाही," म्हणाले आणि चालते झाले.

नाच संपला. सिसोय तेरेंतिच घाम पुसत पियानोपाशी आले. "सावेलिएव्ना, खरं सांगा. तो ठोका उशिरा का टाकता?"

आता लपवून काय राहिलं होतं? "तुमच्या पायासाठी," ती म्हणाली. "तुम्ही जड आहात. उशिरा उतरता."

म्हातारा आपल्या बुटांकडे बघत राहिला. "इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"आणि मी समजत होतो, मला नाचता येतं." त्यानं तिच्यापुढे हात केला. "उठा. पोराला बसू दे तिथं."

"अहो, मला नाही येत. मी कधी नाचलेच नाही."

"मला तरी कुठं येतं?"

केशा बसला. आता कुणी छापणार नव्हतं तीच माझुर्का त्यानं धरली. सिसोय तेरेंतिचनं ग्लाफिराला फरशीच्या मधोमध नेलं. तिचा गुडघा धरलेला, त्यात एवढी माणसं बघतायत. तिनं पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला, कुठं टाकावा कळेना. केशानं मान वळवून तिच्या पायाकडे पाहिलं आणि हात वरच धरला. ठिगळाचा बूट हळूच फरशीला टेकला, तेव्हा त्यानं ठोका दिला.