सरळ गळा

"हा गळा कुणाचा हलतोय?"

बाईंनी पेटी थांबवली. आम्ही सहाजणी रांगेत उभ्या. मग बाईंनी एकेकीला एकटीनं गायला लावलं आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"तुझा. ही थरथर जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर चालते. समूहगानात नाही."

मुली हसल्या. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण मी तिथंच पेटून उठले असं सांगायला मलाही आवडलं असतं. नाही पेटले. लाज वाटली, आणि ती माझ्याच गळ्याची.

नांदेडचं कॉलेज. लातूरला समूहगानाची स्पर्धा होती, तिची ही तालीम. मी हदगावकडच्या खेड्यातली. गळा आईचा. आई दिवसभर लोकांच्या सोयाबीनमध्ये वाकलेली असते आणि संध्याकाळी विहारात गाणं धरते. ओळीच्या शेवटी तिचा सूर लांबतो आणि हलायला लागतो, चांगला रुंद हलतो. मागच्या बाया त्या हलण्यावरच आपापला सूर सोडतात. मी तिच्या मांडीला लागून बसायची. माझाही गळा तिच्यासोबत हलायला लागला. कुणी शिकवलं नाही. दोघींचा सूर एकदम हलला की वरचा पत्रा झणझणायचा.

बाईंनी मला रांगेच्या टोकाला केलं, माइकपासून लांब. मग शिकवलं. श्वास कमी सोड. जबडा सैल ठेव. स्वतःपेक्षा शेजारणीला जास्त ऐक. तिचा 'आ' जेवढा उघडा, तेवढाच तुझा. शिकवण खोटी नव्हती, तसंच करतात. फक्त आम्हा सगळ्यांना कान ठेवायला सांगितला तो मधल्या मुलीवर. ती डॉक्टरांची मुलगी, लहानपणापासून क्लासला जाणारी. तिचाही सूर हलायचा. तो हलला की बाई डोळे मिटायच्या. "काय सुरेख कंप आहे." तिचा तो कंप. माझी थरथर.

मी शिकले. जीव लावून शिकले. एक दिवस बाई म्हणाल्या, "आता तू ऐकूच येत नाहीस. शाब्बास." ती शाब्बासकी मी होस्टेलभर सांगत फिरले.

दिवाळीच्या सुटीत गावी गेले. संध्याकाळी विहारात आईशेजारी बसले. आईनं गाणं धरलं, मीही धरलं. माझा सूर सरळ. मुद्दाम केला नव्हता, आता तो तसाच निघत होता. पहिल्या ओळीच्या शेवटी आईचा गळा हलला आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या ओळीला तिनं तो दाबला. मागच्या बाया गोंधळल्या. कुणी आधीच थांबली, कुणी मागं राहिली. आईला वाटलं, चूक तिचीच.

घरी येताना म्हणाली, "माझाच गळा लई हालून राहिला का गं? तू शिकून आलीस. मला बी सांग की, कसा धरतेत त्याला."

आणि मी सांगितलं. उंबऱ्यावर बसून सांगितलं. "दम कमी सोड. जबडा ढिला ठेव. कान माझ्याकडं ठेव." बाईंचेच शब्द. माझी आई शाळेतल्या पोरीसारखी माझ्या तोंडाकडं बघत होती. तिचा सूर सरळ आला. बारीक, कुणा दुसऱ्याच बाईचा वाटावा असा.

"आला का आता नीट?"

मी म्हटलं, आला. ज्या गळ्यानं मला गाणं दिलं, त्याला मी टोकाला उभं केलं होतं. जिच्यावर कान ठेवायचा, ती मधली मुलगी आमच्या घरात मी झाले होते.

नांदेडला परतल्यावर पहिल्याच तालमीत गळा सोडला. सहज हलेना. जोर लावून हलवला, ओबडधोबड हलला. पेटी थांबली.

"पुन्हा कोण?"

"मी, बाई. आता नाही दाबणार. एकदा मधलीला माझ्याकडं कान ठेवू द्या."

"लातूरला यायचं नाही का तुला?"

"यायचंय. ह्याच गळ्यानं."

माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. त्या लातूरला गेल्या, ढाल घेऊन आल्या. चांगलंच गायल्या असतील.

आईचा गळा मात्र अजून सरळच आहे. मी सांगितलं, आई, ते विसर. तर म्हणते, "आता असंच बरं हाय माय." विहारात हल्ली बाया मोबाइलवर गाणी लावतात, आई मागं बसून टाळ्या वाजवते. मी दर शनिवारी एसटीनं गावी जाते. मोबाइल बंद करायला लावते, आईला पुढं बसवते आणि तिच्याशेजारी बसून गळा हलवते. तो अजून खोटा हलतो, तिला ते कळतं. तरी ती माझ्याकडं कान ठेवून सरळ गाते.

बाईंचं मी काय करायचं ते करीन. पण आईचा गळा बाईंनी नाही, मी सरळ केला. तो पुन्हा हलेपर्यंत मी कुणाच्याही सुरात विरघळणार नाही. आणि नाहीच हलला, तरी विरघळणार नाही.