पेटीतून गेलेला खुनी

काल द्राक्षांची पेटी उघडली आणि त्या आंबटगोड, कागदी वासाने मी थेट नव्वदच्या दशकातल्या पिंपळगावला, मामाच्या शेडवर पोचले. पेट्यांत अंथरायला रद्दी कमी पडली, तर मामीने माझं अर्धवट वाचलेलं खुनाचं कॉमिक टराटरा फाडून त्यावर घड मांडले होते! मी किंचाळले, तर म्हणते कशी, "नुसती चित्रं तर हायेत! शाळेचं पुस्तक असतं तर पाया पडून बाजूला ठेवलं असतं." तोवर टेम्पो दिल्लीला निघालासुद्धा.

हल्ली तीच मामी चष्मा लावून नातवाच्या जपानी कॉमिकमध्ये डोकं खुपसून बसते. त्याने पान उलटलं की खेकसते, "थांब रे, माझं वाचून व्हायचंय!"

आणि मला खुनी कोण, ते अजून माहीत नाही.