अंजब्याडरी

वकिलाची नोटीस टपालानंही गेली असती. पण मला ती माझ्या भावाच्या, अण्णाच्या हातात द्यायची होती, त्याचा पडलेला चेहरा बघायचा होता. आईच्या घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद होतं. आदल्या दिवशी धारवाडला फोन लावला तर वहिनींनी उचलला. त्या कानडी घरातल्या. उद्या येतेय, जेवणाची काळजी करू नका, एवढंच मला सांगायचं होतं. माझ्या गंजलेल्या कानडीत निघालं, ‘अंजब्याडरी’. म्हणजे भिऊ नका. ‘सांगते ह्यांना,’ म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कोल्हापूरहून सकाळची बस धरलीत तर जेवायच्या वेळेला हुबळी येते. धारवाड आधी लागतं, पण मला आधी हुबळीत एकांना भेटायचं होतं. खिडकीजवळ बसा. बेळगाव मागे पडलं की काळी जमीन दोन्हीकडे पसरत जाते, डोळे आपोआप मिटतात. आपण भांडायला निघालोय हेसुद्धा मी विसरून गेले होते.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात गिरमिट खा, म्हणजे मसाल्यात कालवलेले चुरमुरे, आणि सोबत मिरची भजी. स्वस्तात पोट भरतं. मग हातगाड्या चुकवत मी माझ्या कॉलेजातल्या इतिहासाच्या नदाफ सरांकडे गेले. ते कापडाच्या दुकानावर राहतात. खाली उन्हात पसरलेल्या कापडांचे रंग त्यांच्या छतावर हलत होते, आणि सर इस्लाममधले युद्धाचे नियम सांगत होते. सध्या ते त्यावरच लिहितायत. बायका, मुलं, म्हातारे, मठातले साधू यांना हात लावायचा नाही. फळझाडं तोडायची नाहीत. हे पाळलं का सगळ्यांनी, असं मी खोचकपणे विचारलं. पुष्कळांनी नाही पाळलं, म्हणून तर पुन्हा पुन्हा लिहावं लागलं, असं ते शांतपणे म्हणाले. मग ‘अमान’ आलं, म्हणजे अभय. इराणी शत्रूला त्याच्या फारसीत नुसतं ‘मतरस’, भिऊ नको, म्हटलं तरी अभय दिल्यासारखंच.

मी हसत हसत माझं अंजब्याडरी सांगितलं, पर्समधली नोटीसही सांगितली. सर हसले नाहीत.

“पण मला तसं म्हणायचंच नव्हतं.”

“समोरच्यानं काय समजलं ते बघायचं, बेटा. अभय काढून घेता येतं. पण आधी उघड सांगायचं, मग लढायचं.”

तिथून चिगरी बस घ्या. तिला स्वतःचा रस्ता आहे, तासाभरात धारवाड. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात अण्णा फाटकापाशी उभा होता. माझा निरोप कळल्यावर त्यानं स्वतःच्या वकिलाला थांबायला सांगितलं होतं. ज्वारीची भाकरी वाढताना वहिनींनी ते किती आनंदानं सांगितलं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पर्स मी उघडलीच नाही.

धारवाडसाठी दोन दिवस पुरतात, हिवाळ्यात जा. मी घरी परतले तरी तो शब्द काही सुटेना. चौथ्या दिवशी अण्णाला फोन केला. ते अंजब्याडरी चुकून तोंडून गेलं होतं, मी परत घेतेय, नोटीस पाठवणार आहे, असं सगळं एका दमात सांगितलं.



“बरं, घे परत,” अण्णा म्हणाला. “आता मी म्हणतो तुला. अंजब्याड.”

फोन ठेवून मी खूप रडले. नोटीस अजून माझ्याकडेच आहे.