कासमभाईला सोडवायला समुद्रकाठी

शहाद्याहून बैलगाडी निघाली तेव्हा माझ्या कोटाच्या आतल्या खिशात इंग्रजीत लिहिलेला दयेचा अर्ज होता. समोर यूसुफ मणियार भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. यूसुफच्या बहिणीच्या नवऱ्याला, कासम पिंजाऱ्याला, कैदेतून सोडवायला आम्ही दोघं चाललो होतो.

कासमभाई दसरा झाल्यावर सुरतेपलीकडे समुद्रकाठच्या एका बड्या हॉटेलात गाद्या पिंजायला गेला होता. तीन महिने काही खबर नाही. मग एक कार्ड आलं, गुजरातीत, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. कापडदुकानाच्या ओट्यावर मी ते मोठ्यानं वाचलं: ‘कासमभाई अहीं केदी छे. साहेबे पकडी राख्या छे. होळी पछी छूटशे.’ (कासमभाई इथे कैदी आहेत. साहेबांनी पकडून ठेवलं आहे. होळीनंतर सुटतील.)

कार्ड दुकानाच्या आत, हळू आवाजात वाचता आलं असतं. पण मी शाळामास्तर. शिवाय दोन वर्षं नवापूरला नोकरीत काढल्यामुळे मला गुजराती येतं, हे गावाला कळायला नको का? तापीकाठचा एक गुजर शेतकरी तिथं बसला होता. तो म्हणाला, “इकडे लावा मास्तर, माले देखू द्या.” मी कार्ड दिलं नाही. मास्तरानं वाचलेलं दुसऱ्यानं तपासायचं, हे मला रुचलं नाही.

नेमका त्याच ओट्यावर दोंडाईच्याचा एक गृहस्थ चहा पीत होता. कासमभाईची मुलगी जुबेदा त्याच्या घरी द्यायची ठरली होती आणि तो लग्नाचा दिवस पक्का करायला आला होता. त्यानं बशी खाली ठेवली. “आठ दिन थांबसू,” तो म्हणाला. “मंग आम्ही मोकळा.” एवढं बोलून तो उठला. ओट्यालगतच्या बोळात जुबेदाची आई रहिमतबी उभी होती, तिनं हे सगळं ऐकलं. ती पदर डोक्यावर ओढून घराकडे वळली आणि ते मला लागलं. त्या रात्री मी अर्ज लिहायला बसलो.

प्रकाशा गावी नावेतून तापी ओलांडून उतरताना माझी एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच. नंदुरबारला आगगाडीत बसलो तेव्हा मी एका पायात अनवाणी होतो. यूसुफनं कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि लाल मिरचीचा ठेचा माझ्यापुढे केला, पण स्वतः घास घेतला नाही. नवापूर गेलं, जंगल गेलं, व्यारा आलं. मध्येच त्यानं विचारलं, “मास्तर, जेलमा पिंजाराले काय काम देतस?” मी म्हटलं, “अर्ज चांगला झालाय.”

सुरतेस गाडी बदलली, एका बाकावर रात्र काढली आणि सकाळी टांग्यानं त्या गावी पोचलो. समुद्र मी प्रथमच पाहत होतो. त्याचं वर्णन करायला हवं हे मला कळतं, पण खरं सांगतो, माझं लक्ष हॉटेलाकडे होतं. पांढरीशुभ्र दुमजली इमारत, वर-खाली लांबलचक व्हरांडे, वेताच्या आरामखुर्च्या, जिन्याला पितळी कठडे घासून आरशासारखे केलेले. दारातून आत भिंतीएवढा खराखुरा आरसा दिसत होता आणि त्यात धुळीनं माखलेला, एका चपलेचा एक मास्तर उभा होता. इथल्या गाद्यांत आमच्याकडची रुई भरलेली असेल, असं मनात आलं आणि जरा धीर आला.

दारवान आमच्या पाटलापेक्षा मोठा फेटा बांधून उभा होता. मी हिंदीत विचारलं, “यहाँ केदी कहाँ रखते हैं?”

“केडी?” तो म्हणाला. “बीस हैं. पीछे मैदान में. सुबह छह बजे निकालते हैं, साहब लोगों के साथ.”

त्यानं ‘द’चा ‘ड’ केला हे माझ्या कानानं टिपलं होतं. परप्रांतीय माणूस, जीभ वळत नसेल, म्हणून मी सोडून दिलं. वीस कैदी ऐकून यूसुफ मटकन पायरीवर बसला. दारवानानं त्याला लगेच उठवलं आणि आम्हाला मागच्या वाटेनं पिटाळलं.

मागे समुद्राला लागून एक अफाट मैदान होतं. गवत इतकं बारीक कापलेलं की वारा त्यावरून नुसता सरकत जाई. मधूनमधून वाळूचे खड्डे आणि काठीला लावलेली लहान लहान निशाणं.

“इतलं गवत,” यूसुफ म्हणाला, “नि एक भी ढोर नही?”

तेवढ्यात सूं करून काहीतरी कानाजवळून गेलं आणि पुढे पडलं. अंड्याएवढा पांढरा चेंडू. यूसुफनं तो उचलला आणि सदऱ्याला पुसला. लांबून ओरडा झाला. खांद्यावर काठ्यांची भलीमोठी पिशवी घेतलेला एक माणूस हात हलवत धावत येत होता.

“ठेव तो! जठे व्हता तठेच ठेव!”

तो आवाज पिंजण्याच्या धनुष्याच्या टणत्कारावरही आमच्या गल्लीला ऐकू येत असे. कासमभाई होता. अंगावर स्वच्छ खाकी सदरा, पायात कॅनव्हासचे बूट, गाल भरलेले. यूसुफ त्याच्या मनगटांकडे पाहत राहिला.

“पाव्हना, बेड्या कोठे शेतस?”

“कसान्या बेड्या?” कासमभाई म्हणाला. “पहिले तो चेंडू खाले ठेव. साहेबना डाव जाई.”

मग उलगडा झाला. गाद्यांचं काम महिन्यातच संपलं होतं. परत निघायच्या दिवशी एका साहेबाचा चेंडू गवतात हरवला. सगळे शोधून दमले आणि आमच्या कासमभाईनं तो उभ्या उभ्या दाखवला. जन्मभर रुईतली सरकी वेचलेली नजर ती, हिरव्यावरचा पांढरा ठिपका तिला कसा चुकणार? धनुष्य खांद्यावर घेऊन गावोगाव फिरलेल्या माणसाला पिशवीचंही ओझं नव्हतं. साहेबानं त्याला हंगामभर ठेवून घेतलं. साहेबांच्या काठ्या वाहणाऱ्या या गड्याला त्या खेळात ‘कॅडी’ म्हणतात. हॉटेलच्या माळ्यानं गुजरातीत लिहिलं ‘केडी’, आणि साहेब हंगामभर सोडत नाही म्हणून ‘पकडी राख्या’.

मी कार्ड काढून पाहिलं. ‘ड’च होता. पाय जरा आत वळलेला, पण ‘ड’. दारवानानं तोंडावर सांगितलं तरी मी त्याचीच जीभ चुकीची ठरवली होती. लाजेनं माझे कान तापले आणि त्याच वेळी छातीवरचा दगड असा उतरला की मी त्या मऊ गवतावर बसकणच मारली. यूसुफ कासमभाईच्या गळ्यात पडून रडत होता आणि हसतही होता.

साहेब चालत आला. लालबुंद, म्हातारा, घाईत नसलेला. काय बोलावं ते न सुचून मी त्याच्या हातात अर्ज दिला. तो त्यानं तिथंच वाचला, हसता हसता त्याची टोपी पडली. आमच्याकडून कळलेली मुलीच्या लग्नाची अडचण कासमभाईनं मोडक्या हिंदीत सांगितली तेव्हा मात्र तो हसायचा थांबला. अर्जाच्या तळाशी त्यानं पेन्सिलीनं लिहिलं: हा माझा कैदी नाही. मी याचा आहे. हा नसला तर मला माझा चेंडू सापडत नाही. लग्न लावून मगच परत यावे.

त्या दुपारी हॉटेलच्या मुदपाकखान्यामागे आम्हाला लोणी लावलेला पाव आणि गोड चहा मिळाला. यूसुफनं सहा पाव खाल्ले. परतीच्या गाडीत तो व्याऱ्यापासून नंदुरबारपर्यंत घोरत होता आणि मला तो आवाज गोड वाटत होता.

सातव्या दिवशी कासमभाईला घेऊन आम्ही शहाद्यात होतो. दोंडाईच्याच्या गृहस्थाला निरोप गेला, तो आला. त्याच ओट्यावर, त्याच माणसांपुढे मी अर्ज वाचला, साहेबाच्या ओळी मराठीत सांगितल्या आणि शेवटी माझी चूक सांगितली. सर्वांत अवघड तेच होतं. या वेळी कार्ड मी आपण होऊन त्या गुजर शेतकऱ्याच्या हाती दिलं. तो म्हणाला, “ड शे.” दोंडाईच्याच्या गृहस्थानं कासमभाईला मिठी मारली आणि चहा मागवला.

प्रवासानं माणूस शहाणा होतो असं मी वर्गात सांगत आलो आहे. मला तेवढ्यासाठी समुद्रापर्यंत जावं लागलं. हातातलं कार्ड ओट्यावरच नीट पाहिलं असतं तर चप्पलही वाचली असती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रहिमतबी दारात आली. हातात पाटी होती. मला वाटलं जुबेदासाठी असेल.

“माले शिकाडा मास्तर,” ती म्हणाली. “जुबेदा सासरी गयी का चिठ्ठ्या येतीन. त्या मी सोता वाचसू.”

मी पाटीवर ‘अ’ काढायला घेतला. तिनं मान हलवली.

“तो मंग. पहिले त्या दोन्ही.”

मी ‘द’ काढला, शेजारी ‘ड’ काढला. ती दोन्हींवरून सावकाश बोट फिरवत राहिली आणि तिचं होईपर्यंत मी पाटी धरून राहिलो.