कौसाआत्या आणि गोड बोलणारी माणसं

आमची कौसाआत्या आजाऱ्याला भेटायला निघाली, की हसनाबादेत तिच्याआधी बातमी पोचायची आणि निम्मे आजारी खडखडीत बरे व्हायचे. उरलेले झोपेचं सोंग घ्यायचे. पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी माझ्या बायकोनंही हेच केलं. आत्या उशाशी बसली, आणलेली मोसंबी सोलायला लागली आणि बायकोच्या घोरण्याकडे बिलकुल लक्ष न देता म्हणाली, "असंच माझ्या जावंच्या भावाचं झाल्तं. डॉक्टर म्हणला, किरकोळ हाय. मंग पोटातच फुटलं."

बायको ताडकन उठून बसली.

"मरायचं भेव वाटून राह्यलं ना?"

"हो!" बायकोला रडूच फुटलं.

"मंग बोल की बाई! भेव पोटात ठेवून चाकूखाली जाऊ न्हाई. तोंडातून बाहेर पडलं की निम्मं मरतं." आणि ऑपरेशनला नेईपर्यंत तिनं बायकोचा हात सोडला नाही.

ही माझ्या वडिलांची बहीण. मला वाढवलं ते तिनंच. गेल्या उन्हाळ्यात कुरडया घालता घालता ती छाती धरून खाली बसली. पित्त झालं म्हणून आधी सोडा प्याली, मग शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून जालन्याला, माझ्याकडे आणली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. मनगटातून बारीक नळी घालून तिथं जाळी बसवायची होती. पण आत्याचं बीपी आभाळाला टेकलेलं. "ते उतरल्याशिवाय आत नेता येणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि फार थांबताही येणार नाही."

तोवर अर्धं हसनाबाद दवाखान्यात येऊन दाखल झालं होतं.

"काही न्हाई कौसाबाई, मुंगी चावल्यागत वाटतं!"

"माझा मामा तर घरी जाऊन शेतात पाणी धरायला गेला!"

सगळ्यांवर कडी मी केली. आत गाणी लावतात, डॉक्टर गप्पा मारतात, जाळी कधी बसली ते पेशंटला कळतसुद्धा नाही, असा हातवारे करून पूर्ण अंक सादर केला. लोक हसले. आत्या हसली नाही. जो तो धीर देऊन जाई आणि मशीनवरचा आकडा आणखी वर चढे. गावभर बोलत सुटणारी बाई छताकडे बघत गप्प पडली होती. मला त्या आकड्यापेक्षा त्या गप्पपणाची भीती वाटायला लागली.

शेवटी तिनं बोटानं खुणावलं. "बाळ्या, समद्यांना बाहेर काढ. दार लाव."

मी लावलं.

"हे एवढं गोड कामून बोलून राह्यले रे? इतकं चांगलं तर लोक मेलेल्या माणसाबद्दल बोलतेत. डॉक्टरीणबाई तुला कोपऱ्यात नेऊन काय म्हणली? आन् नाटक करू नको."

जिभेवर तयार बसलेला किस्सा मी गिळला. "हृदयाची मुख्य रक्तवाहिनी बंद होत आलीय, आत्या. जाळी बसली नाही तर छाती उघडावी लागेल. आत काहीही होऊ शकतं. बहुतेकांना होत नाही. पण होऊ शकतं."

"मरंन?"

"मरू शकतेस."

मी आकड्याकडे बघायचं टाळलं. आपल्याच तोंडानं आपण हिला मारलं, असं वाटलं.

"आन् न्हाई केलं तर?"

"तर घरी जाऊन मरशील. तेही लवकर."

आत्यानं खोलीवर एक नजर फिरवली. "मंग हितंच बरं. एसी तरी हाय." मग तिनं एक लांब श्वास सोडला. "भेव वाटून राह्यलं रे बाळ्या. लई." मी तिचं डोकं थोपटत बसलो. थोड्या वेळानं नर्स आली, तिनं उतरलेला आकडा पाहिला, खात्री करायला पट्टा पुन्हा बांधला आणि धावतच डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली.

आत्याला आत नेलं आणि दार बंद झालं. बाहेर कुणीतरी भाकरीचं फडकं सोडलं, कुणी म्हणालं, "बाळासाहेब, काहीतरी सांगा, वेळ जाईल." लग्नाची बस बंद पडली तरी चाळीस वऱ्हाड्यांना हसवत ठेवणारा मी; मला माझं नावही धड सांगता आलं नसतं. दार उघडलं तेव्हा मी डॉक्टरीणबाईंच्या तोंडावरचा मास्क निघायची वाट बघत होतो. त्यांनी तो खाली ओढला. "बसली जाळी."

पुढे आत्या जुन्या जालन्यात आमच्याच घरी राहिली. मीठ कमी, तेल कमी. "हे वरण हाय का आंघोळीचं पाणी?" असं रोज विचारून ताट मात्र चाटून पुसून संपवायची. सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालायची आणि धाप लागली की एखाद्या दुकानासमोर थांबून मालाला नावं ठेवायची. दुकानदाराला वाटे, गिऱ्हाईक आलंय.

भेटायला माणसांची रीघ होती. मी प्रत्येकाला सगळं रंगवून सांगे: आत्याचा आवाज, एसी, नर्सची धावपळ. लोक पोट धरून हसत. एका दुपारी पाहुणे गेल्यावर आत्या म्हणाली, "समद्यांचं सांगितलं. तुझं न्हाई सांगितलं."

"माझं काय?"

"दाराबाहेर तुला काय वाटून राह्यल्तं?"

"मला?" मी सवयीनं हात उंचावला. "अगं, मी तर..." हात तसाच हवेत राहिला. "वाटलं, आता तू येत नाहीस."

आत्या भिंतीकडे सरकली आणि पलंगावर जागा करून दिली.

"तुझी माय गेली तव्हाबी तू असाच समद्यांना हसवत फिरला होता," ती म्हणाली. "बस हितं. रडून घे पोटभर. मला कुठं जायचं हाय?"