म्हशीपुढची सुकडी

“म्हशीनं ठिवलं तर ने घरी. पोरीला व्हईल.”

असं म्हणत मालकिणीनं घमेलं गव्हाणीत उपडं केलं. मी गोठ्यात शेण भरत होते. माझी दोन वर्षांची पोर गव्हाणीपाशी गेली आणि तिनं मूठ भरून तोंडात घातली.

“हाड! आदी म्हशीला खाऊ दी की!”

हाड. माझ्या लेकराला.

मी धावत जाऊन पोरीचा हात धरला. बोटांना चिकटलेलं चाटून पाहिलं. गोड, भाजलेल्या गव्हाचं. अंगणवाडीत लहान पोरांना वाटायला येणारी सुकडी होती ती.

नव्वदीनंतरची सालं. श्रीगोंद्याकडं ऊस तोडून आम्ही नुकतेच गावी परतलो होतो. पोर वाळून काडी झाली होती. अंगणवाडी मालकिणीच्या ओसरीवर भरायची, आणि तिथली बाई म्हणजे मालकिणीचीच सून. आमच्या बौद्धवस्तीतल्या बायकांनी सुकडी मागितली की ती सांगायची, “वरून मालच आला न्हाई.” आम्ही खरं मानायचो. कधी पसाभर मिळालीच, तर मालकिणीची दया समजून तिचा गोठा फुकट झाडून द्यायचो. माल सरकारचा, आमच्या पोरांसाठी आलेला, आणि उपकार हिचे! आठवलं की आजही अंगाची लाही होते.

शेणाची पाटी तिथंच टाकली. पोर रडत होती, तिला अजून हवं होतं. उपाशी लेकराला तिथून उचलताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू? पण म्हशीचं उष्टं तिला चारणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या आम्ही साऱ्या बायका पोरं कडेवर घेऊन अंगणवाडीवर गेलो. आम्ही पायरीखाली उभं राहायचं, अशी रीत होती. त्या दिवशी वर चढलो आणि ओसरीवर बसलो.

“सांगितलं न्हवं, वरून आलं न्हाई म्हनून,” बाई म्हणाली.

“गोठ्यात आलंय,” मी म्हणाले. “चला, दावते.”

आतून मालकीण कडाडली, “लई माजल्यात! उद्यापास्नं ह्यांना कुनी कामाला बोलवू नका!”

कुणी बोलावलंही नाही. खुरपणी बंद, चूल थंड. गावची चार शहाणी माणसं समजूत घालायला आली. “माफी माग, मिटवून घे,” म्हणाली. मला भीती वाटत होती. पोरीच्या बरगड्या दिसत होत्या.

माफी मागितली नाही. त्यांच्या तोंडावर सांगितलं, “आता सुकडीचा टेम्पो आला, की मी वेशीत आडवी व्हनार. पोती आमच्या वस्तीत उतरतील, न्हाईतर टेम्पो माज्या अंगावरनं जाईल.”