आधी आकडा काढा

ड्रोननं फवारणी करायला गेले की मी आधी सगळा बांध फिरते आणि मालकाला एकच विचारते, "आकडा कुठं टाकलाय?" आकडा म्हणजे विजेच्या लाइनीवर चोरून अडकवलेली तार. ती उसावरून पाण्याच्या मोटारीपर्यंत लोंबत जाते आणि चोरीची असल्यानं कुणी कबूल करत नाही. ड्रोन मात्र शेंड्यांच्या अगदी जवळून न्यावा लागतो. वर नेला तर औषध वाऱ्यानं शेजाऱ्याच्या रानात जातं. खाली नेला तर ही तार पंख्यात येते, आणि भरल्या टाकीसकट ड्रोन उसात पडतो.

ढोकीकडचे एक मालक म्हणाले, "आपल्यात तसलं काय न्हाय." उसापलीकडं मला तार चकाकताना दिसत होती. मी बोट दाखवलं.

"एवढ्यानं काय हुतंय? भ्या वाटत असंल तर घरच्या गडीमाणसाला पाठवा, बाई."

"आधी आकडा काढा," म्हणत मी ड्रोनची बॅटरी काढली आणि बांधावर जाऊन बसले. औषध कालवून तयार होतं, बघायला माणसं जमली होती.

"न्हाय काढला तर?" त्यांनी विचारलं.

"तर औषध तुमचं, ऊस तुमचा. मी चालले."

शेवटी चार लोकांत त्यांनीच बांबूनं आकडा पाडला. मग मी उडवला, शेंड्यांना लागून उडवला.

खट बाई म्हणून त्या भागात माझ्या नावानं अजून बोटं मोडतात. खुशाल मोडा. पण आता माझी गाडी बांधाला लागते तेव्हा आकडा उतरलेला असतो, आणि बांबू अजून मालकाच्या हातात असतो.